आरमध्ये कॉलमची आकडेमोड: उत्तर येतं, पण ते बरोबर आहे का?

आर या आकडेवारीसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत एका कॉलममध्ये दुसरा मिळवायला किंवा अख्खा कॉलम एखाद्या आकड्याने गुणायला लूप, म्हणजे एकेका ओळीवर तीच क्रिया पुन्हापुन्हा करायला सांगणारा कोड, लागत नाही. क्रिया ओळीला ओळ जुळवून आपोआप होते. त्रास निराळाच आहे: मांडणी चुकली तरी आर बरेचदा तक्रार न करता उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून नवा कॉलम बनवला की त्याची पहिली ओळ हाताने ताडून बघायचीच.

सरावाला आरसोबतच येणारा 'एअरक्वालिटी' हा तक्ता घेऊ. न्यूयॉर्कच्या हवेच्या मे ते सप्टेंबर १९७३ मधल्या रोजच्या नोंदी, १५३ ओळी, ६ कॉलम. आधी त्याची प्रत 'हवा' या नावाने ठेवा. इथे नावं नि अंक देवनागरीत दिलेत. टाइप करताना ते रोमन लिपीत लिहा. कॉलमच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे.

तापमान फॅरनहाइटमध्ये आहे. ते सेल्सिअसमध्ये आणायला:

हवा$सेल्सिअस <- (हवा$टेम्प - ३२) * ५ / ९

पहिल्या ओळीत टेम्प ६७ आहे, तेव्हा उत्तर १९.४४ यायला हवं. कंस विसरलात तर गुणाकार-भागाकार आधी होतो आणि ४९.२२ येतं. एररही नाही, वॉर्निंगही नाही. मे महिन्यात न्यूयॉर्कला ४९ अंश हे डोळ्यांना खटकतं म्हणून बरं. रुपयांच्या कॉलममध्ये असं काही खटकेलच असं नाही.

टेम्पचा टी लहान लिहिला तर मात्र आर अडतो. त्या नावाचा कॉलमच नसल्याने उजवीकडे रिकामं उत्तर तयार होतं आणि 'नव्या कॉलममध्ये ० ओळी, तक्त्यात १५३' अशा अर्थाचा एरर येतो. हा एरर दिसला की सूत्र तपासत बसू नका, आधी नावाचं स्पेलिंग बघा.

ओझोनच्या कॉलममध्ये ३७ दिवसांची नोंद नाही, तिथे 'एनए' आहे. एनएमध्ये काहीही मिळवा, उत्तर एनएच; त्यामुळे सरासरीही एनए येते. मीन फंक्शनला 'एनए डॉट आरएम' हा पर्याय ट्रू करून दिला की ४२.१३ मिळते. पण ही उरलेल्या ११६ दिवसांची सरासरी आहे, हे अहवालात लिहा. एनएच्या जागी शून्य भरू नका: मोजलं नाही आणि शून्य मोजलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळीनुसार बेरीज करणाऱ्या 'रोसम्स'ला हाच पर्याय दिला तर ज्या ओळीत सगळेच एनए आहेत तिची बेरीज ० येते. तेही ध्यानात ठेवा.

सगळ्यात फसवा प्रकार लांबीचा. १५३ आकड्यांच्या कॉलममधून ३ आकड्यांची यादी वजा केली, तर आर ती यादी पुन्हापुन्हा वापरत शेवटपर्यंत जातो. १५३ ला ३ ने नि:शेष भाग जातो, म्हणून वॉर्निंगसुद्धा येत नाही. महिन्यांच्या ५ सरासऱ्या हाताने लिहून वजा केल्या तर भाग जात नाही, म्हणून वॉर्निंग येते. पण उत्तर तरीही तयार होतं आणि ते निरर्थक असतं, कारण पहिल्या पाच ओळी मे महिन्यातल्याच आहेत. इथे 'एव्ह' हे फंक्शन वापरा. ते प्रत्येक ओळीसमोर तिच्याच महिन्याची सरासरी ठेवतं, म्हणजे लांबी १५३ च राहते:

हवा$फरक <- हवा$टेम्प - एव्ह(हवा$टेम्प, हवा$मंथ)

मेची सरासरी ६५.५५, म्हणून पहिल्या ओळीत १.४५. ओझोनवर हेच करायचं असेल तर एनए वगळून सरासरी काढणारं छोटं फंक्शन एव्हला 'फन' या पर्यायातून द्यावं लागतं, नाहीतर अख्खा महिना एनए होतो.

स्वतःची फाइल उघडल्यावर 'नॉन-न्यूमेरिक आर्ग्युमेंट' असा एरर आला तर कॉलम मजकूर म्हणून वाचला गेलाय. बहुतेकदा १,२५० मधला स्वल्पविराम कारण असतो. तो मजकुरातली अक्षरं बदलणाऱ्या 'जीसब'ने काढा, मग मजकुराचे आकडे करणारं 'ॲज डॉट न्यूमेरिक' लावा. कॉलम फॅक्टर असेल, म्हणजे आरने त्यातल्या किमतींचे गट करून त्यांना आतून क्रमांक दिले असतील, तर आधी त्याचा पुन्हा मजकूर करणारं 'ॲज डॉट कॅरेक्टर' लावा. थेट आकड्यांत बदलला तर किमतींऐवजी गटांचे क्रमांक १, २, ३ हाती येतात, आणि तेही निमूटपणे. आर ४.० पासून फाइल वाचताना मजकूर आपोआप फॅक्टर होत नाही, पण जुन्या स्क्रिप्टमध्ये हे अजून सापडतं.