पालीचा अंगठा बघा: ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधली पाल देशी की आशियाई, कसे ओळखावे

अंधार पडला की टॉर्च घ्या, भिंती आणि झाडांच्या साली न्याहाळा, पाल दिसली की लांबूनच एक फोटो काढून ठेवा. इथवर कुणालाही जमतं.

रंगावरून ओळखायचा नाद मात्र सोडा. ‘फिकी ती आशियाई, करडी ती इथली’ असं सांगणाऱ्याने एकच पाल दिवसा आणि रात्री बघितलेली नसते. दोन्ही जाती रात्री पांढुरक्या पडतात आणि दिवसा गडद होतात. घरातली परकी, झाडावरची देशी, हेही खरं नाही. आशियाई पाल (हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस) घरांपासून रानातही शिरली आहे आणि इथली डटेला (गेहिरा डुबिया) घरांच्या भिंतींवरही राहते.

आधी शेपटी. आशियाई पालीच्या शेपटीवर बारीक काट्यांच्या ओळी असतात, डटेलाची शेपटी गुळगुळीत. काटे दिसले तर काम संपलं. नाही दिसले तर थांबा, कारण मी कितीतरी दिवस इथेच फसत होतो. तुटलेली शेपटी पुन्हा उगवते, पण काटे पुन्हा येत नाहीत. शेजाऱ्यांच्या व्हरांड्यातली एक गुळगुळीत शेपटीची पाल मी छातीठोकपणे देशी ठरवली होती. नंतर फोटो मोठा करून बघितला, तर शेपटीवरची नक्षी मध्येच तुटलेली, पुढचा भाग सपाट एकरंगी आणि अंगठ्याला चक्क नख! शेजाऱ्यांकडे परत जाऊन चूक कबूल करावी लागली.

तेव्हापासून निकाल अंगठ्यावर. अंगठा म्हणजे पंज्याचं सगळ्यात आतलं बोट. आशियाई पालीच्या पाचही बोटांना नखं असतात. अंगठा आखूड आणि त्याचं नख इवलंसं, म्हणून घाईत सुटतं. डटेलाच्या अंगठ्याला नख नसतंच, नुसती गादी. बाकी चार बोटांना असतं.

हे वरून बघून ठरवू नका, बारीक नख गादीआड लपतं. पाल खिडकीच्या काचेवर असेल तर आतून तळव्यांचा फोटो घ्या, इतकी सोय दुसरी नाही. नाहीतर पारदर्शक डबा तिच्यावर अलगद ठेवा, खालून जाड कागद सरकवा आणि ती डब्याच्या भिंतीला चिकटली की बाहेरून फोटो काढा. हाताने पकडायला गेलात तर शेपटी तुमच्या हातात आणि पाल पसार. एकाच पंज्यावर निकाल देऊ नका, पालींची बोटंही तुटलेली असतात.

पाठीवर फिकट चौकोनांची रांग आणि जाड, चपटी शेपटी असेल तर ती तिसरीच, देशी मखमली पाल. तिला हा अंगठ्याचा नियम लावू नका.

आवाजाची मदत होते. आपल्याकडच्या पालीसारखं ठसठशीत चुकचुकणं ऐकू आलं, तर ती बहुतेक आशियाईच; आपल्या भिंतींवरही ही जात असते. डटेलाचा आवाज दबका. पण आवाजाने फक्त शंकेची पाल चुकचुकावी, निकाल अंगठ्यानेच द्यावा. अंड्यांकडे तर बघूच नका, दोघीही दोन-दोन पांढरी, टणक अंडी घालतात.

देशी पालींना क्वीन्सलँडच्या 1992 च्या निसर्ग संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. अंगठा स्पष्ट दिसला नसेल तर पाल होती तिथेच सोडा आणि उद्या पुन्हा टॉर्च घेऊन या.