जपानी नाती हिरागानात लिहिताय? या चुका टाळा

हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं गिरवून झाली की लवकरच कुटुंबाचा धडा येतो. मराठी विद्यार्थी इथे हमखास एक गोष्ट करतात: प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. एरवी जपानीसाठी देवनागरी रोमनपेक्षा बरी, पण नात्यांच्या शब्दांत ती दगा देते.

'ओबासान' घ्या. काकू, मावशी, आत्या, मामी, सगळ्यांना हाच शब्द. हिरागानात अक्षरं चार: ओ-बा-सा-न. आजी मात्र पाच अक्षरांची: ओ-बा-आ-सा-न. पटकन देवनागरीत लिहिलं तर दोन्ही 'ओबासान'च, कारण जपानी ऱ्हस्व 'आ' दाखवायला आपल्याकडे चिन्हच नाही. आपला 'अ' उच्चाराला वेगळा. त्यात 'बा' लांबवायची आपली सवय. 'ध'चा 'मा' होतो आणि चाळिशीतली मावशी थेट आजी होते. काका ओ-जि-सा-न, आजोबा ओ-जि-इ-सा-न; इथे निदान लिहिताना जि-जी करता येतं, बोलताना ते किती जण पाळतात ते सोडा. उपाय म्हणजे अक्षरागणिक एक टाळी, शेवटच्या 'न'लाही. चार टाळ्या मावशी, पाच टाळ्या आजी. देवनागरी खोडून टाका.

लांबवलेला स्वर लिहिण्यातही गोंधळ होतो. आईत 'आ' येतो (ओ-का-आ-सा-न), मोठ्या भावात 'इ' (ओ-नि-इ-सा-न). वडिलांत कानाला लांब 'ओ' ऐकू येतो, पण लिहायचा 'उ': ओ-तो-उ-सा-न. धाकटा भाऊ ओ-तो-उ-तो आणि धाकटी बहीण इ-मो-उ-तो यांचंही तेच. मोठी बहीण मात्र ओ-ने-ए-सा-न. 'से-न-से-इ' (शिक्षक) लिहून हात बसलेला असतो, म्हणून इथेही 'इ' घातला जातो. तो चूक.

स्वतःच्या आईबद्दल परक्याशी बोलताना 'हाहा', समोरच्याच्या आईला 'ओकाआसान'. 'हाहा'ला 'सान' हा आदरार्थी प्रत्यय लावू नका. घरात आईला हाक मारताना पुन्हा 'ओकाआसान'च. धाकट्या भावंडांना नावानेच हाक मारायची. दादा-ताई म्हणत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

'आई शिक्षिका आहे' हे वाक्य हिरागानात 'हा-हा-हा'ने सुरू होतं. कुणी हसत नाहीये. तिसरा 'हा' म्हणजे विषय दाखवणारा प्रत्यय, तो 'वा' वाचायचा.

'चिचि' म्हणजे स्वतःचे वडील. 'चि' आणि 'सा' आरशातल्या प्रतिमा असल्याने वहीत त्यांचं 'सासा' होतं. 'चि' इंग्रजी पाचाच्या आकड्यासारखा दिसतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

भावंडं म्हणजे 'क्योउदाइ'. त्यातला 'यो' लहान काढायचा. आणि 'सान्निन क्योउदाइ' म्हटलंत तर तुम्ही धरून तिघं, तुमच्याशिवाय तिघं नव्हे. घरात चौघं असतील तर 'योनिन', 'योन्निन' नाही.

टाइप करताना 'आईचं' म्हणजे 'ओकाआसान नो' लिहायचं असतं आणि पडद्यावर ओ-का-आ-सा-न-ओ उमटतं. कीबोर्ड बिघडलेला नसतो. रोमन कळांनी लिहिताना एन दोनदा दाबला की बहुतेक ठिकाणी त्याचा सुटा 'न' होतो आणि पुढचा ओ एकटा पडतो. एन तीनदा दाबा.