घोडेबाजाराच्या तोंडावर: समंद घोडा ओळखताना पाठीवरची रेघ बघा

शाळूची पेरणी उरकत आली की आपल्या जिल्ह्यात घोड्यांच्या गोष्टी सुरू होतात. दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे घोडे उतरतात आणि अंगाच्या रंगावर हजारो रुपये वरखाली होतात. त्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो समंद रंगाचा. फिकट अंग आणि काळी आयाळ दिसली की व्यापारी ‘समंद आहे’ म्हणून मोकळा होतो. दहातल्या निम्म्या वेळा ते खरं नसतं.

पैसे देण्याआधी घोड्याची पाठ बघा. डोकं आणि डोळे नंतर बघता येतील. खऱ्या समंद घोड्याच्या, म्हणजे इंग्रजीत ज्याला डन म्हणतात त्याच्या, मानेच्या मुळापासून शेपटीपर्यंत कण्यावरून एक गडद रेघ सरळ जाते. तिच्या कडा स्पष्ट असतात आणि ती शेपटीच्या केसांत शिरते. हिंदी शब्दकोशात अशा रेघेच्या घोड्यासाठी ‘कुल्ला’ असा वेगळा शब्दच आहे, म्हणजे जुन्या घोडेवाल्यांची नजर नेमकी तिथेच जात होती. रेघ कशी असते हे बघायला बाजारापर्यंतही जायला नको. कुंभाराच्या किंवा वाळूवाल्याच्या राखाडी गाढवाकडे बघा. पाठीवर उभी रेघ, खांद्यावर तिला छेदणारा आडवा पट्टा. गाढवाची ती राखाडी छटा आणि घोड्याचा समंद रंग हा एकाच जनुकाचा खेळ आहे.

हे जनुक कोणतं, ते 2016 साली संशोधकांनी दाखवून दिलं. त्याचं नाव टीबीएक्स3. ते नीट काम करत असलं की अंगावरच्या प्रत्येक केसात रंग फक्त बाहेरच्या बाजूला साठतो, आतली बाजू फिकी राहते आणि अंग दुरून धुतल्यासारखं दिसतं. पाठीवरच्या रेघेत मात्र केस चहूबाजूंनी रंगलेला असतो. आयाळ, शेपूट, पाय आणि तोंडही गडद राहतात. काही घोड्यांत याच जनुकाचा बिघडलेला प्रकार असतो. त्यात अंधुक रेघ दिसते, पण अंग फिकं होत नाही. म्हणून रेघ आणि फिकं अंग या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

समंदचे मुख्य प्रकार तीन, आणि ते मूळ रंगावरून ठरतात. कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ) घोड्यावर हे जनुक बसलं की अंग पिकलेल्या शाळूच्या ताटासारखं पिवळसर होतं. आयाळ, शेपूट, पाय आणि पाठीवरची रेघ काळी. बाजारात समंद म्हणून सहसा हाच दाखवतात. काळ्या घोड्यावर बसलं तर रंग उंदरासारखा राखाडी होतो, तोंड मात्र काळपट. हा दुर्मीळ आणि दिसायला देखणा. पण काळ्यात पांढरे केस मिसळलेल्या घोड्याशी याची गल्लत होते. मूठभर केस बोटांत धरून उन्हात बघा. काळे आणि पांढरे केस वेगवेगळे दिसले तर तो उंदरी समंद नव्हे. त्याचे अंगावरचे केस एकसारखे राखाडी असतात.

तिसरा प्रकार लोकांच्या हातून सुटतो. तांबड्या घोड्यावर हे जनुक आलं की अंग नव्या गुळासारखं फिकट तांबूस होतं आणि रेघ काळी नसते, गडद तांबडी असते. काळी रेघ शोधणारा गिऱ्हाईक याला साधा तांबडा समजून पुढे जातो. रेघेच्या रंगाला अडून राहू नका, ती अंगापेक्षा गडद आहे का एवढंच बघा.

पायही बघावेत. पुढच्या गुडघ्यांवर आणि मागच्या पायांच्या सांध्यांवर झेब्र्यासारखे आडवे पट्टे असतील तर खात्री वाढते. या दिवसांत थंडीचे केस वाढायला लागलेले असतात, त्यामुळे पट्टे झाकले जातात. पाय पाण्याने ओले करून केस खाली चापून बसवा, पट्टे वर येतात. आयाळीच्या दोन्ही कडांना फिकट केस आणि मध्ये गडद, हीसुद्धा चांगली खूण. कपाळावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा किंवा खांद्यावर आडवा पट्टा असला तर उत्तम, नसला म्हणून घोडा बाद करू नये. या खुणा प्रत्येकात येतातच असं नाही.

आता फसवणारे रंग. कुमैत घोड्यावर क्रीम नावाच्या वेगळ्या जनुकाची एक मात्रा (आई किंवा बापाकडून आलेली एक प्रत) आली की अंग सोनेरी आणि आयाळ-पाय काळे होतात. दुरून थेट समंद. पण पाठीवर रेघ नसते, फार तर काजळी फासल्यासारखी पुसट छटा असते आणि तिच्या कडा विरलेल्या असतात. वाईट घोडा नव्हे तो, पण समंदच्या भावात का घ्यायचा? सोनेरी अंग आणि पांढरी आयाळ असलेला घोडाही क्रीमचाच. अर्थात एकाच घोड्यात क्रीम आणि डन दोन्ही येऊ शकतात. तेव्हा अंग जास्तच फिकं असतं आणि रेघ राहते.

शिंगराच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. काही वर्षांपूर्वी एका बाजारात घोडी घेताना सोबतच्या शिंगराच्या पाठीवरची रेघ बघून मी वरचे पैसे मोजले. होळीपर्यंत जन्माचे केस गळले आणि खाली साधं कुमैत अंग निघालं. रेघ गेली, पैसेही गेले. नंतर कळलं, अनेक शिंगरं जन्मताना फिकी आणि पाठीवर सावलीसारखी रेघ घेऊनच येतात. म्हणून पहिले केस गळण्याआधी शिंगराच्या रंगावर एक रुपयाही जास्त देऊ नका. घ्यायचंच असेल तर आईबापांचे फोटो मागा. समंद शिंगराला आईबापांपैकी निदान एक जण समंद असावाच लागतो. हा रंग एक पिढी गाळून येत नाही. नेहमीचा अपवाद असा: आई किंवा बाप वयाने पांढरा झालेला असेल तर मूळचा समंद रंग त्याखाली झाकलेला असू शकतो.

त्यावरून आणखी एक. शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरे केस चष्म्यासारखे दिसायला लागले असतील तर ते वर्षागणिक पांढरं होत जाणार. आज कितीही सुरेख समंद असलं तरी.

जिवापाड जपून ठेवलेला समंद नर साध्या घोडीला लावला तरी सगळी शिंगरं समंद होतील असं नाही. नरात जनुकाची एकच मात्रा असेल तर प्रत्येक शिंगराची शक्यता निम्मी. दोन मात्रा असतील तर सगळी समंद होतात, पण एक की दोन हे डोळ्यांनी कळत नाही. ते आयाळीचे मुळासकट उपटलेले केस प्रयोगशाळेत तपासूनच कळतं.

घोडा बघायचा तो सकाळी, मोकळ्या आकाशाखाली. लाल-पिवळ्या मांडवात किंवा रात्री बल्बखाली कुठलाही घोडा सोनेरी दिसतो. मशीनने केस उतरवलेला घोडाही असतो त्याहून फिका दिसतो. रेघ रंगवलेली असल्याचा संशय आला तर पांढरा कापूस स्पिरिटमध्ये भिजवून रेघेवर घासा. रंग लागला तर बोलणी तिथेच थांबवा. मात्र पाठ बघताना घोड्याच्या बरोबर मागे जाऊ नका. खांद्याजवळून हात फिरवत पुठ्ठ्यापर्यंत या.

रंगाचा स्वभावाशी, चालीशी, खुराच्या मजबुतीशी काही संबंध नाही. देवमण (गळ्याजवळचा केसांचा भोवरा) आणि बाकीचे भोवरे शुभ की अशुभ यावर मी वाद घालत नाही, पण ओळख म्हणून ते सोन्यासारखे आहेत. भोवरा जन्मभर जागचा हलत नाही. म्हणून दाखल्यावर आणि विम्याच्या कागदावर नुसतं ‘बदामी’ लिहून घेऊ नका. अंगाचा रंग, पाठीवरची रेघ, पायांचे पट्टे, कपाळावरचा चांद, कोणत्या पायाला पांढरं आणि भोवरे कुठे, हे सगळं लिहायला लावा. डाव्या-उजव्या बाजूचा आणि पाठीचा असे तीन फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला मागाल तेव्हा त्यावरचं वर्णन समोरच्या घोड्याशी जुळतं का, हे पैसे देण्याआधी पडताळून पाहा.