कुठलं झाड काढायचं?

वनशास्त्र शिकायला गेलो तेव्हा वाटलं होतं, झाडं लावायला शिकवतील. पहिल्याच सत्रात हातात रंगाचा डबा दिला आणि सांगितलं, काढायच्या झाडांवर खुणा करा.

रोपवण एकाच वयाचं, एकाच जातीचं आणि दाटीवाटीचं होतं. मी वाकडी, पोकळ, वाळकी तेवढी झाडं रंगवली आणि खूश झालो. सरांनी एका पोकळ खोडाच्या ढोलीकडे बोट दाखवलं. तोंडाशी पिसं चिकटली होती. "हे कुणाचं तरी घर आहे, ते राहू दे. या दोन सरळ झाडांपैकी एक काढायचंय. कुठलं?" मला उत्तर देता येईना.

मग त्यांनी एका खोडात पोकळ गिरमिट फिरवून काडीएवढा नमुना बाहेर काढला. गाभ्याजवळची वाढवलयं (दर वर्षीच्या वाढीचं एकेक कडं) नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होती, सालीजवळची मात्र इतकी खेटून की भिंग लागलं. वरून हिरवंगार दिसणारं झाड गेली कित्येक वर्षं अर्धपोटी होतं. जंगलाचं आरोग्य म्हणजे हिरवेपणा नव्हे, हे तिथे कळलं. विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढणं, करायची ती यासाठी. पाऊस तेवढाच, पण वाटेकरी कमी.

अवर्षणात हा फरक जिवावर बेततो. साल पोखरणारा भुंगेरा आत शिरू लागला की धडधाकट सूचिपर्णी झाड राळ सोडून त्याला बाहेर ढकलतं. तहानलेल्या झाडाकडे तेवढी राळच नसते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा भुंगेऱ्यांनी सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला फटका दिला. पूर्वी कडाक्याच्या थंडीत अळ्या मरायच्या. हिवाळे सौम्य झाले तशा त्या तगू लागल्या. पण दोष एकट्या हवामानाचा नाही. वर्षानुवर्षं वणवे विझवल्यामुळे तिथे एकाच जातीच्या म्हाताऱ्या पाइनची अफाट रांग उभी होती. भुंगेऱ्यांना आयतं ताट.

वणव्याचंही तसंच. अमेरिकेच्या वनखात्यानं १९३५ मध्ये नियम केला होता की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आणायची. साध्या, जमिनीलगतच्या आगीही विझत गेल्या आणि खाली पालापाचोळा, झुडपं, वाळकं लाकूड साठत राहिलं. हे वाचून मी प्रत्येक जंगलात नियंत्रित आगीची, म्हणजे साठलेलं जळण कमी करायला मुद्दाम लावलेल्या आगीची, शिफारस करत सुटलो होतो. तसं करू नका. जिथे आग मुळात क्वचितच लागते अशा दमट जंगलात ती औषध नाही, इजा आहे. आधी त्या जागेचा आगीचा इतिहास पाहा.

बियाण्याबद्दल 'स्थानिकच हवं' हे आम्ही घोकलं होतं. आज लावलेलं रोप मोठं होईल तेव्हा तिथलं हवामान आजचं नसेल, म्हणून थोड्या उष्ण भागातलं, त्याच जातीचं बी मिसळण्याचा विचार होतो. ब्रिटिश कोलंबियात हवामानानुसार बियाण्याचा स्रोत निवडण्याची पद्धत २०१८ पासून आली. मला ती पटते, पण मिश्रण म्हणूनच. सगळे पत्ते एका अंदाजावर लावू नयेत.

अभ्यासाचं म्हणाल तर संख्याशास्त्र टाळू नका, माती आणि कीटक हे विषय 'सोपे' समजून उरकू नका. जंगलात पेन्सिलच न्या, शाई पावसात फुटते. बुंध्याचा व्यास साधारण १.३ मीटर उंचीवर मोजतात. उतारावर ती उंची वरच्या बाजूनं धरायची, हे मी चुकून चुकून शिकलो. आणि झाड तोडताना बघून संतापलेल्या माणसाशी शांतपणे बोलायची सवय करा. त्याचा राग बहुधा खरा असतो.

नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न तुम्हीही विचारा: विरळणी किंवा लागवडीनंतर पाच वर्षांनी मोजमाप करायला माणूस आणि पैसा ठेवलाय का? मला पहिल्या नोकरीच्या वेळी हे सुचलं नाही. तिथल्या अहवालात लावलेल्या रोपांचा आकडा ठळक अक्षरात असायचा, जगलेल्यांसाठी रकानाच नव्हता.