कूलिंग सिस्टीममधली एअर काढताना: गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआय करून गॅरेजमध्ये येणाऱ्या मुलांना ब्रेकची एअर काढता येते. कूलिंग सिस्टीमचीही एअर काढावी लागते, हे मात्र अनेकांच्या हाताला अजून ठाऊक नसते. वॉटर पंप किंवा होज पाइप बदलला, रेडिएटर काठोकाठ भरला आणि झाकण लावले की काम संपले असे ते समजतात. तीच गाडी मग साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गरम होते आणि दोष नव्या पंपावर येतो.

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बंद असतो आणि साधारण 82 ते 88 अंश सेल्सिअसला उघडतो. त्यामुळे रेडिएटर भरलेला दिसला तरी हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागाच्या) वरच्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगखाली आणि हीटरच्या जाळीत हवा अडकून राहू शकते. पंपात हवा शिरली की त्याला कूलंट नीट ढकलता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे तापमानाचा सेन्सर हवेत राहिला, तर हेड तापत असतानाही काटा जागचा हलत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे हेड अशा वेळी वाकते, म्हणून एकट्या काट्यावर भिस्त ठेवू नये.

काम थंड इंजिनावरच सुरू करावे. झाकण साधारण 1 बार दाब धरून ठेवत असल्याने आतले कूलंट 100 अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, पण गरम असताना झाकण उघडले की ते उसळून थेट तोंडावर येते. शक्य असल्यास गाडीचा पुढचा भाग उंच करावा, म्हणजे भरण्याचे तोंड सर्वांत वर राहते. हीटर पूर्ण गरमवर ठेवावा; आपल्याकडे तो क्वचितच लागतो, त्यामुळे नेमकी हीच पायरी राहून जाते. थर्मोस्टॅट नवा असेल आणि त्यावर हवा सुटण्याची छोटी पिन असेल, तर ती बसवतानाच वरच्या बाजूला आलेली असावी.

कूलंट सावकाश ओतावे. ते तयार मिश्रणाचे असावे किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळलेले असावे. बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात. ब्लीड स्क्रू (हवा सोडण्याचा स्क्रू) असल्यास तो थोडा सैल करावा आणि फसफसणे थांबून अखंड धार आली की हलक्या हाताने आवळावा, कारण काही गाड्यांत तो प्लास्टिकचा असतो. हा स्क्रू प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी असतो आणि काहींत नसतोच, म्हणून त्याची जागा वहीत टिपून ठेवण्याची सवय पहिल्या महिन्यापासून लावून घ्यावी.

यानंतर झाकण न लावता इंजिन आयडलवर चालू ठेवावे आणि जाड हातमोजा घालून, पंख्यापासून हात लांब ठेवत, वरचा होज अधूनमधून दाबावा. प्रत्येक दाबाबरोबर तोंडाशी बुडबुडे येतात. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि खालचा होज कोमट होऊ लागतो. त्या क्षणी तिथे हजर राहून कूलंट वाढवावे लागते. फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबावे. मालक घाई करत असला तरी ही वीस-पंचवीस मिनिटे सोडू नयेत, असे माझे ठाम मत आहे. गाडीच्या आत डॅशबोर्डवरच्या जाळीतून सतत गरम वारा येत असेल, तर हीटरमधली हवा निघालेली असते. तो मध्येच थंड पडला तर अजून हवा आहे. शेवटी झाकण लावून एक फेरी मारावी आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

बुडबुडे थांबतच नसतील, रेस दिल्यावर वाढत असतील आणि झाकण लावून थंड इंजिन सुरू करताच वरचा होज कडक होत असेल, तर ती अडकलेली हवा नसून हेड गॅस्केटमधून (हेड आणि इंजिन ब्लॉकमधल्या सीलमधून) येणारा सिलिंडरचा गॅस असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी पुन्हापुन्हा एअर काढत बसू नये. रेडिएटरच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर, म्हणजे कूलंटमध्ये सिलिंडरचा गॅस येतो का हे दाखवणारे साधन, लावावा. पेट्रोल गाडीत त्यातले निळे द्रव पिवळे पडले, तर हेड उतरवावे लागेल हे मालकाला त्याच दिवशी सांगावे.