दगडावरचा तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे: डायटम पाहताना या चुका टाळा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात उतरलं की दगडावरून पाय सटकतो. हात लावावा तर तपकिरी, बुळबुळीत थर. त्याला घाण म्हणणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. त्यात बहुतेक वेळा डायटम असतात. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात, आणि नाव चपखल आहे: एकाच पेशीचा जीव, भोवती सिलिकाची झाकणवाली डबी. गोगलगायी, बेडकांची पिल्लं, दगड खरवडणारे मासे याच थरावर जगतात, आणि पाण्याला प्राणवायूही तो देतो. म्हणून व्हाळ साफ करताना प्लास्टिक जरूर उचला, दगड मात्र घासू नका.

डायटमच्या प्रकल्पासाठी पणजीला मांडवीचं पाणी भरून त्याला गोड्या पाण्याचा नमुना म्हणू नका. मांडवीत समुद्राची भरती पार आतल्या गांजे गावापर्यंत चढते.

नमुन्यात काहीच दिसत नाही? बहुधा लोंढा ओसरताच तुम्ही गेलात. पुराने दगड खरवडून निघतात, थर धरायला साधारण चार आठवडे जाऊ द्यात. वाहत्या पाण्यात कायम बुडालेले निदान 5 दगड निवडा, नमुन्यापुरताच त्यांचा थर टूथब्रशने घासून घ्या आणि दर ठिकाणी ब्रश नवा वापरा, नाहीतर एका व्हाळाचे डायटम दुसऱ्याच्या नावावर लागतात. करमळीच्या तळ्यासारख्या गाळाच्या जागी पाणवनस्पतींचे बुडालेले देठ घासावेत.

ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली न बघताच नमुना आम्लाने साफ करू नका. नंतर नुसती कवचं उरतात, कोण जिवंत होतं ते कळत नाही. पेशीत सोनेरी-तपकिरी रंग दिसला तर ती बहुधा जिवंत.

खरी गफलत डायटमवरून पाण्याबद्दल निष्कर्ष काढताना होते. निट्झिया पालिया हा डायटम सांडपाण्यात फोफावतो हे खरं, पण निट्झिया वाढला की लगेच गटाराकडे बोट दाखवू नका. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात पावसाबरोबर मातीही व्हाळात उतरते. दगडाला घट्ट चिकटलेल्या जाती त्याखाली गाडल्या जातात. निट्झिया, नेव्हिक्युला यांसारखे हलणारे डायटम सरकत सरकत गाळातून वर येतात, म्हणून मोजणीत तेच जास्त भरतात. अशा वेळी दगडावर गाळ किती बसलाय ते आधी बघा, वरच्या अंगाला गाळ नसलेल्या जागेचा नमुना घ्या, आणि दोन्हीकडची प्रत्येकी निदान 400 कवचं मोजून ताडून पाहा.