हॅलोविनची लाकडी सजावट घरी करताय? या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या गल्ल्यांत घरोघरच्या पोर्चवर भोपळे, भुतं आणि काळी मांजरं दिसायला लागतात. हवा भरून उभी करायची भुतं दुकानात मिळतात, पण मुलांनी स्वतः रंगवलेला लाकडी भोपळा दारात ठेवण्यात वेगळीच मजा आहे. आपल्या मराठी घरांतही ही हौस आता चांगली रुजली आहे. नीट केलेलं काम बरीच वर्षं टिकतं. तरीही दरवर्षी तेच दिसतं. ३१ तारखेच्या आत भोपळ्याचा रंग सोललेला असतो, भुताच्या पांढऱ्या चेहऱ्यावर पिवळे डाग उमटलेले असतात किंवा पाटी वाऱ्याने पायऱ्यांवर आडवी झालेली असते.

हात कच्चा असल्यामुळे असं क्वचितच होतं. कापणं आणि जोडणं हे तासा-दोन तासांचंच काम असतं. बिघडतं ते लाकूड निवडताना आणि रंग वाळायला वेळ न दिल्यामुळे. म्हणून पहिली सूचना तारखेची: हॅलोविनच्या आदल्या शनिवारी सुरुवात करू नका. ऑक्टोबरचा पहिला किंवा दुसरा शनिवार-रविवार धरा.

लाकूड आणताना

दुकानातल्या मापांनी बरेच जण फसतात. टू बाय फोर म्हटलं की फळी दोन इंच जाड आणि चार इंच रुंद असणार असं धरून आपण कागदावर आकृती काढतो. वाळवून आणि रंधून झाल्यावर तिचं खरं माप दीड इंच बाय साडेतीन इंच उरतं. फोर बाय फोरचा ठोकळा साडेतीन बाय साडेतीन, आणि वन बाय सिक्सची फळी पाऊण इंच जाड व साडेपाच इंच रुंद. म्हणजे तीन टू बाय फोर शेजारी शेजारी लावून भोपळा केला तर त्याची रुंदी साडेदहा इंच भरते. उंची बारा इंच ठेवलीत तर तो दुधीसारखा उभट दिसेल. नऊ इंच ठेवा, छान बसका दिसतो.

लांबीचा हिशेबही असाच चुकतो. ९६ इंचांच्या फळीतून आठ इंचांचे बारा तुकडे निघायला हवेत, पण करवतीचं पातं दर कापाला साधारण एक अष्टमांश इंच लाकडाचा भुसा करतं. अकरा कापांत सव्वा इंचाहून जास्त लाकूड जातं आणि शेवटचा तुकडा आखूड निघतो. त्यातच 'स्टड' म्हणून ठेवलेल्या फळ्या पुष्कळदा ९६ नव्हे, तर ९२ आणि पाच अष्टमांश इंचांच्या असतात. त्या भिंतीच्या सांगाड्यासाठी कापलेल्या असतात. घरून टेप घेऊन जा आणि तिथेच मोजा. घरी करवत नसेल तर मोठ्या हार्डवेअर दुकानांच्या बहुतेक शाखांत फळ्या कापून मिळतात, मात्र तिथे अगदी काटेकोर मापाची अपेक्षा ठेवू नका.

फळीवरचा शिक्का वाचायची सवय लावून घ्या. 'केडी' असेल तर लाकूड भट्टीत वाळवलेलं आहे, 'एस-ड्राय' असेल तर कापताना त्यातली ओल १९ टक्क्यांपेक्षा जास्त नव्हती. 'एस-जीआरएन' म्हणजे ओलं लाकूड. ते हाताला जड आणि गार लागतं. हीटिंग सुरू झालेल्या घरात ते पटापट आकसतं, पिळतं, आणि घट्ट बसवलेल्या तुकड्यांमध्ये फटी पडतात.

हिरवट छटेचं, रसायन मुरवलेलं लाकूड बाहेर टिकतं म्हणून घ्यायचा मोह होतो. चार आठवड्यांच्या सजावटीसाठी ते नकोच. नवं असताना ते आतून ओलं असतं, त्यावर लगेच दिलेला रंग पापुद्र्यांनी निघतो, आणि मुलं जे घासणार, हाताळणार त्यात ती रसायनं कशाला? जुन्या डेकच्या फळ्या वापरत असाल तर आणखी जपा. २००३ च्या अखेरीपर्यंत इथे घरगुती कामाच्या अशा लाकडात आर्सेनिक असायचं. ते घासूही नका आणि त्याचे उरलेले तुकडे शेकोटीत कधीही टाकू नका. १९७८ पूर्वीच्या घराचे रंगवलेले दरवाजे, कुंपणाच्या पट्ट्या, खिडकीच्या चौकटी यांचंही तसंच. त्या रंगात शिसं असू शकतं. 'जुना लुक' छान दिसतो म्हणून असा रंग सँडपेपरने उडवणं लहान मुलांच्या घरात सरळ धोक्याचं आहे.

पॅलेट फुकट मिळतं, पण झटपट होत नाही

दुकानामागे पडलेलं पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, उचलून आणायचं, फळ्या सुट्या करायच्या आणि झाली भुताची पाटी, असं वाटतं. पॅलेटचे खिळे पीळदार असतात. पहारीने उचकटायला गेलात तर खिळा जागचा हलत नाही, फळीच फाटते. फळी आणि आडव्या ठोकळ्याच्या फटीतून धातू कापणारं पातं घालून खिळा मध्येच कापा, फळी शाबूत निघेल. ही हत्यारं नसतील तर सरळ देवदाराची कुंपणाची पट्टी विकत घ्या. तिच्या वरच्या टोकाचे कोपरे आयते कापलेले असतात, त्यामुळे चेटकिणीची पाटी किंवा ममी अर्धी तयारच असते.

तरीही पॅलेट आणलंच, तर त्याचा शिक्का शोधा. 'एचटी' म्हणजे उष्णतेची प्रक्रिया: लाकडाचा गाभा किमान ३० मिनिटं ५६ अंश सेल्सियसवर तापवलेला. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते घेऊ नका. तेलाचे, रसायनांचे डाग असतील तर 'एचटी' असूनही सोडून द्या.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाची कीड २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत सापडली आणि तिथून आजूबाजूच्या राज्यांत पसरली. तिची मादी सप्टेंबरपासून कडक थंडी पडेपर्यंत अंडी घालते, म्हणजे नेमकी आपल्या सजावटीच्या दिवसांत. झाडाच्या सालीवर, पॅलेटवर, बाहेर ठेवलेल्या कुठल्याही लाकडावर. पाहताना ते वाळलेल्या चिखलाचं, इंचभर लांबीचं सारवण वाटतं आणि आपण 'माती लागलीय' म्हणून पुढे जातो. असं सारवण दिसलं तर जुन्या प्लास्टिक कार्डाने ते खरवडा, झिपच्या पिशवीत हँड सॅनिटायझर किंवा रबिंग अल्कोहोल घालून त्यात टाका आणि पिशवी बंद करा. दुसऱ्या गावातल्या मित्राकडून ओंडके भरून आणायचं तर या किडीसाठी तिकडे काय निर्बंध आहेत तेही आधी बघा.

ओंडक्याच्या चकत्या का तडकतात?

सरपणाच्या ओंडक्याची चकती कापून त्यावर भोपळ्याचा चेहरा रंगवणं हे सगळ्यांत सोपं काम, आणि त्यातच सर्वांत जास्त निराशा. आठवड्याभरात चकतीला कडेपासून मध्यापर्यंत, पाचरीच्या आकाराची चीर पडते. यात तुमची चूक नसते. लाकूड वाळताना त्याच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं. गोल चकतीत या दोन्ही दिशा एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे ताण कुठेतरी फुटून निघतो.

नुकत्याच तोडलेल्या झाडाची पातळ चकती सर्वांत आधी तडकते. वर्ष-दोन वर्षं सावलीत वाळलेला ओंडका घ्या, किंवा करवत तिरपी धरून लांबट चकत्या कापा, त्या कमी तडकतात. चीर पडलीच तर लगेच तिच्यात लांबी (वुड फिलर) भरू नका. लाकूड अजून आकसतं आहे, ती लांबी सुटून बाहेर येते. चीर खालच्या बाजूला येईल अशी चकती फिरवा किंवा चिरेलाच भुताचं तोंड करा, हे मला जास्त आवडतं. आणि असे ओंडके रात्रभर घरात ठेवू नका. आतले किडे उबेला बाहेर येतात. त्यांची जागा पोर्चवर.

रंग: इथे घाई नडते

तक्रारींमध्ये पहिला नंबर डागांचा. पांढऱ्या भुतावर दोन-तीन आठवड्यांत जे पिवळट-तपकिरी गोल उमटतात, त्या पाइनच्या गाठी आहेत. गाठीतला चीक पाण्यावर आधारलेल्या साध्या प्रायमरमधून वर येतो. वरून पांढऱ्याचे कितीही हात दिले तरी तो पुन्हा येतोच. उपाय एकच: गाठीवर शेलॅकचा, म्हणजे लाखेपासून केलेला, प्रायमर. देवदारातून तर गाठ नसतानाही तांबूस रंग सुटतो, तिथे सगळ्या फळीलाच शेलॅक द्या. डाग आधीच उमटले असतील तर ती जागा हलकी घासून, शेलॅकचा एक हात देऊन मग पुन्हा पांढरा लावा.

भोपळ्याचं दुखणं वेगळं. केशरी आणि पिवळे रंग खालचं झाकायला दुबळे असतात. कोऱ्या लाकडावर केशरीचे चार हात दिले तरी खालचा तपकिरी रंग डोकावतो आणि भोपळा मळकट दिसतो. खाली पांढरा प्रायमर द्या, वर केशरीचे दोन हात पुरतात. फळीची कापलेली टोकं रंग शोषून घेतात आणि पावसाचं पाणीही तिथूनच आत शिरतं, म्हणून टोकांना एक हात जास्त.

आता हवा. पाण्यावर आधारलेल्या बहुतेक रंगांना ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० अंश सेल्सियस तरी लागतं. काही रंग त्याहून थंडीतही चालतात, डब्यावर लिहिलेलं असतं. इथे ऑक्टोबरात दुपार उबदार असते आणि सूर्य कलला की पारा झपकन उतरतो. ऑफिसमधून येऊन संध्याकाळी सहाला डेकवर रंगवलेला भोपळा रात्री दवात भिजतो. सकाळी त्यावर पांढुरके डाग आणि ओघळ. रंगकाम दुपारी दोनच्या आत उरका, नाहीतर गॅरेजमध्ये दिवा लावून करा आणि सकाळपर्यंत आतच ठेवा. काळ्या मांजरावर ओलसर हवेत लॅकरचा स्प्रे मारला तर दुधाळ झाक येते. कोरड्या, उबदार दिवशी तोच स्प्रे पुन्हा हलका मारा, बहुतेक वेळा ती जाते.

अक्षरं पसरण्याचाही सोपा इलाज आहे. स्टेन्सिल चिकटवल्यावर आधी पाटीचाच मूळ रंग त्याच्या कडांवर पुसटसा फिरवा. कडेखाली काही शिरणार असेल तर तो शिरेल, आणि दिसणार नाही. तो वाळला की वर अक्षरांचा रंग, तोही जवळजवळ कोरड्या ब्रशने टिपत टिपत.

जोडणं आणि उभं करणं

फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकला की ती उभी चिरते. स्क्रूच्या गाभ्याएवढं भोक आधी पाडा. खिळाच वापरायचा असेल तर त्याचं टोक हातोडीने बोथट करून ठोका. टोकदार खिळा तंतू फाकवतो, बोथट खिळा ते तोडत जातो. ड्रायवॉलचे काळे स्क्रू बाहेरच्या कामाला नकोत. ते गंजतात आणि ताण आला की मोडतात. डेक स्क्रू घ्या. ग्लू पाण्याला टिकणारा हवा. तो लावल्यावर अर्धा तास क्लॅम्प, आणि चोवीस तास त्यावर जोर नको.

पाच फुटांची उभी पाटी भिंतीला नुसती टेकवून ठेवणं ही चूक मी गंभीर मानते. हॅलोविनच्या संध्याकाळी खाऊ मागायला आलेली, मुखवट्यामुळे धड दिसत नाही अशी मुलं अंधारात पायऱ्या चढत असतात. पाटीच्या मागे वर एक आकडा बसवून ती कठड्याला बांधा, खाली आडवा पाया द्या, आणि पायऱ्यांची वाट मोकळी ठेवा. सगळे कोपरे १२० नंबरच्या सँडपेपरने गोल करा. पाटीचा कोपरा मोठ्यांच्या कमरेला येतो, तो चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यासमोर असतो. कुसळांसाठी फळीवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवा. जिथे तो अडकेल तिथे अजून घासा.

लाकडी भोपळ्यात खरी मेणबत्ती लावू नका. बॅटरीचे दिवे लावा. शेजारी मक्याचे वाळके धांडे, गवताच्या पेंढ्या, ममीला गुंडाळलेलं जाळीचं कापड असतं, ठिणगी पुरते. आपल्याकडे तर दिवाळीही याच सुमाराला येते. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी आणि हॅलोविन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच होते. पणत्या सजावटीपासून लांब, वेगळ्या पायरीवर मांडा. त्यापेक्षा छान म्हणजे पाटी दोन्ही बाजूंनी रंगवा: एकीकडे भूत, दुसरीकडे आकाशकंदील. भोपळ्याच्या मागच्या बाजूला चेहरा न काढता नुसता भोपळा ठेवलात तर तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगपर्यंत दारात शोभतो.

आवरताना रंगवलेले तुकडे एकावर एक रचू नका. रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पुरता पक्का व्हायला काही आठवडे जातात. तोवर दाब पडला की तुकडे एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या वर्षी सोडवताना रंगाचा पापुद्राच निघून येतो. मध्ये मेणकागद घाला आणि खोकं जमिनीवर न ठेवता तळघरातल्या कोरड्या फळीवर ठेवा. माळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं, तिथे लाकूड पुन्हा आकसेल.